वरच्या काकांचा घरातला 'मी'

गेल्या मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी सव्वातीन वाजता, लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावरच्या बालीच्या काकांवर अन्याय झाला. करणारी मी. जगात इतका सभ्य माणूस दुसरा नसेल. काका बंद पडलेल्या लिफ्टशीसुद्धा अदबीने बोलतात.

एअरपोर्टजवळच्या किचनमध्ये ते विमानातल्या जेवणाचे ट्रे भरतात आणि उरलेल्या वेळात स्वतःला काय म्हणावं याचा विचार करतात. कारण बालीच्या भाषेत 'मी' एकच नसतो. अनोळखी माणसापुढे 'तियांग', पुरोहितापुढे त्याहून वाकलेला 'तितियांग', दोस्तांत 'इचांग'. समोरच्याचंही तसंच: मित्राला चालणारं 'चाई' भलत्याला म्हटलं की भांडणच. म्हणून नवा बालीकर भेटला की काका आधी हळूच विचारतात, "आपलं बसणं कुठं?" म्हणजे घराणं कुठलं. उत्तर मिळेपर्यंत इतकं जपून बोलतात, की एकदा बस स्टॉपवर दोघे एकमेकांना मान देत राहिले आणि तीन बस निघून गेल्या. आमच्या आईने त्यांना तू, तुम्ही, आपण समजावून सांगितलं, तर म्हणाले, "एवढंच? मग रागावल्यावर काय करता?"

"रागावल्यावरच तर 'आपण' म्हणतो," आई म्हणाली. काका आठवडाभर हसत होते.

काका मुख्य बालीचे नव्हेत, समोरच्या नुसा पेनिदा या छोट्या बेटावरचे. तिथला 'मी' म्हणजे 'कोला'. शहरात शिकायला गेले तेव्हा या शब्दावरून पोरं इतकी हसली, की तो त्यांनी फक्त थोरल्या बहिणीच्या फोनपुरता ठेवला. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं. त्या दिवसापासून माझ्याशी इंग्रजीत बोलतानाही ते स्वतःला 'इचांग' म्हणू लागले. "कम, इचांग हॅज मेड टू मच राइस!" अशी जिन्यातून हाक यायची.

आणि मी? मी पत्रकं लिहिते. जातीविरुद्धच्या आमच्या सभेला काका आपणहून पाच बालीकरांना घेऊन आले, आणि मी त्यांच्यासमोर माइकवर वाचलं: "आमचे शेजारी माणसाची पायरी विचारून 'मी' निवडतात. बहिणीशी 'कोला', बाहेर 'तितियांग'! ही सरंजामशाही आहे!" 'कोला' ऐकून त्या पाचांतला एक फिस्सकन हसला. सभेनंतर काकांनी खुर्च्या रचून ठेवल्या आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. "काका, मी व्यवस्थेविरुद्ध बोलत होते."

"हो. पण शब्द माझ्या बहिणीचा होता." मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या मराठी मंडळात पहिल्यांदा आलो, तेव्हा तिघांनी मला आडनाव विचारलं. आमच्याकडे आडनाव नसतं, असं सांगितलं. तरी चौथ्या व्यक्तीने विचारलंच. त्यावर पत्रक आहे का?"

नव्हतं. त्या तिघांत आई होती. चौथी मी.

दारापर्यंत सोडायला आले, किंचित वाकले. "तितियांग विशेस यू अ सेफ जर्नी." मला एक मजला उतरायचा होता. तो मी अजून नीट उतरलेली नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, येत्या रविवारी मंडळात नवा माणूस दिसला, तर "आडनाव काय?" विचारू नका. जिभेवर आलं तरी गिळा. शेजारी मी उभी असेन; मलाही विचारू देऊ नका.