बारा पॉइंट सहा ग्रॅम

“बाटल्या घासायच्या सोडून आता तू मला केमिस्ट्री शिकवणार?”

सर भर वर्गात म्हणाले. माझ्या हातात त्यांनीच दिलेली वजनाची चिठ्ठी होती. ते पुढं म्हणाले, “घासणं, पुसणं तुमच्या रक्तातच आहे. तेवढंच कर.”

वर्ग खदाखदा हसला. माझ्या पोराच्या वयाची पोरं.

मी एवढंच विचारलं होतं, “सर, नॉर्मल करायचं का मोलर?” ऑक्झॅलिक ॲसिडाचं शून्य पॉइंट एक नॉर्मल द्रावण करायचं तर लिटरला सहा पॉइंट तीन ग्रॅम लागतं. तेवढंच मोलर करायचं तर दुप्पट. कोरेगावच्या या कॉलेजात सोळा वर्षं मी लॅबमध्ये हेच वजन करतोय. बारावी नापास असलो तरी हाताला पाठ आहे. परीक्षेला पाहिजे होतं नॉर्मल. सरांनी हिशेबात घोळ घातला आणि लिहिलं बारा पॉइंट सहा.

स्टाफरूममध्ये माझा कप खिडकीत वेगळा असतो. ते गिळलं होतं. हे गिळवेना.

म्हणलं, थांब. परवा बारावीची प्रॅक्टिकल. साताऱ्याहून परीक्षक येणार. द्रावण दुप्पट कडक, सगळ्या पोरांचं रीडिंग दहाच्या जागी वीस येईल आणि तुझी चारचौघांत जिरंल. बरोब्बर बारा पॉइंट सहा ग्रॅम घातलं. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण एक विसरलो. पोरं रीडिंग घेतच नाहीत. दहाच्या आसपास येतं हे वर्षभर पाठ असतं. ब्युरेटच्या नळीतनं थेंब सोडल्यासारखं करायचं, खालचं द्रावण गुलाबी होवो न होवो, नऊ पॉइंट नऊ, दहा, दहा पॉइंट एक लिहून मोकळं व्हायचं. त्या दिवशीही तसंच चाललं होतं.

वडूजकडनं एसटीनं येणारी एक पोरगी होती. आमच्यातलीच. तिनं तीनदा केलं. तिन्ही वेळा वीस. घाबरून माझ्याजवळ आली.

“मामा, आवं माजं काय चुकतंय का?”

मी ओटा पुसत होतो. म्हणालो, “सरांना इचार.”

अजून तो ओटा पुसताना हात थांबतो.

तिनं वीसच लिहिलं. परीक्षकांनी कागद वर धरला. “सगळा वर्ग येडा आणि तू एकटी शहाणी?” सर हसत म्हणाले, “सवलतीतनं आलेत साहेब, चालायचंच.” पोरगी मान खाली घालून उभी. पोरं हसली. परवा माझ्यावर हसली होती तशीच. आणि तिच्यावर ही पाळी मी आणली होती. चिठ्ठी खिशात ठेवून.

फडकं टाकलं. चिठ्ठी परीक्षकांच्या टेबलावर ठेवली. पिपेटनं तेच द्रावण दहा मिली घेतलं, ब्युरेट भरली, त्यांच्या नाकासमोर सोडली. दहाला द्रावण पाण्यासारखंच. पंधरा. अठरा. वीसला गुलाबी.

सर ओरडले, “कुणाला विचारून हात लावलास?”

“हात माजंच लागत्यात सर सगळ्याला. चूक तुमची हाय. आन म्हाईत असून ती मी बाटलीत भरली. दोनी लिवून घ्या.”

परीक्षकांनी तिचे मार्क दिले. सरांचं तोंड उतरलं. ज्यासाठी मी हे सगळं केलं, ते समोर होतं आणि मला बघवेना.

पोरगी सॅक घ्यायला आली.

“मामा, तुमाला आदीपासनं म्हाईत हुतं?”

“व्हय.”

ती सॅक पाठीला अडकवून निघून गेली. निकाल न्यायला आली तेव्हा मला न बघितल्यासारखं करून गेली. बरोबर केलं तिनं. तिच्यासारख्या पोरीला ज्यानं सांभाळायचं, त्यानंच पुढं ढकललं होतं.

मला नोटीस मिळाली. नोकरी आज आहे, उद्या नसेलही. पण आता घोळाची चिठ्ठी आली की मी वजनकाट्याला हात लावत नाही. वर्ग भरलेला असतानाच जाऊन विचारतो, नॉर्मल का मोलर?

सर हसतात. पोरं हसतात. उत्तर मिळेपर्यंत मी तिथनं हलत नाही.