डावीकडचा चार्ज

"बाण! आधी बाण काढ ना बे! आकडे मंग!" बाबा ओरडले आणि सावंगीच्या दवाखान्यात त्या वॉर्डातल्या सगळ्या सलाईन टपकायच्या थांबल्या.

थांबल्या म्हणजे थांबल्याच. माझ्या वडिलांचा आवाजच तसा. वर्ध्याच्या वर्गात ते 'प्लस चार्ज' म्हणाले की तिकडे हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी आपोआप सुटायची, हे मी आजही शपथेवर सांगतो. बारावीला फिजिक्स शिकवायचे. पहिल्याच तासाला एका पोराला मधोमध उभं करायचं आणि सारख्या अंगाच्या दोघांनी त्याला दोन्हीकडून ढकलायचं. मधला हलत नाही, म्हणजे तिथं फील्ड शून्य. तो इतका चेपला जायचा की संध्याकाळी त्याची माय त्याला ओळख न पटल्यामुळे दारातूनच परत पाठवायची. पण गणित जन्मात चुकायचा नाही.

मागच्या आठवड्यात बाबांना लकव्याचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला. तरी सोमवारी वर्गावर जायचा हट्ट, उशाशी खडूचा डबा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांच्याच विषयातलं काही विचारून बघा. मग ठरवू."

म्हणून मी कागदावर दोन सारखे प्लस चार्ज काढले, बरोबर मध्ये एक टिंब. टिंबापाशी फील्ड किती, हे त्यांचंच पहिल्या तासाचं गणित. मी आकडे लिहायला लागलो तेव्हाच तर ते ओरडले होते. मग माझ्या हातातला पेन ओढून त्यांनी स्वतःच टिंबापासून डावीकडे ठसठशीत बाण काढला.

"उत्तर शून्य नाई का, बाबा?"

"काऊन शून्य? एकच चार्ज हाय. उजवीकडून ढकलून राह्यला, डावीकडं जाईन नाई तं काय करन?"

"आन हा डावीकडचा?"

"कोणता? मले शिकवतं का बे?"

डॉक्टरीणबाईंनी मला हळूच सांगितलं, "डोळे चांगले आहेत त्यांचे. पण डावीकडे काही असतं, हेच मेंदू विसरलाय."

मी कागद सरकवत सरकवत पार पलंगाच्या उजव्या कठड्यापाशी नेला. बाबा थबकले. दुसरा चार्ज दिसला. झरकन दुसरा बाण काढला, तेवढ्याच लांबीचा, उलट दिशेचा.

"शून्य! सोमवारी येतो म्हणून सांगजो कॉलेजात!"

सगळा वॉर्ड हसला, मीही हसलो. फिजिक्स जागच्या जागी होतं, बोटभर ढळलं नव्हतं.

आई हसली नाही. ती सकाळपासून पलंगाच्या डाव्या बाजूला बसली होती, त्यांचा तो निर्जीव हात मांडीवर घेऊन.

"अहो," ती म्हणाली.

बाबांनी उजवीकडे पाहिलं, दाराकडे. दारात कोणी नव्हतं.

मी उशाशी ठेवलेला खडूचा डबा उचलून पिशवीत टाकला आणि विचारलं, "बाबा, आई कुठं हाय?"

"घरी असन."