मारुतीच्या देवळातली शाळा

गाव सोडून निघालेली आमची बैलगाडी घाटनांदूरच्या वेशीत आली, तेव्हा शिपायानं बैलांसमोर काठी आडवी धरली. "गाठोडी सोडा." मी सोडली. लुगडी, तवा, ज्वारीच्या पिठाचा डबा, सगळं त्यानं काठीनं उलथंपालथं केलं. कुठं पुस्तक लपवलंय का, ते त्याला बघायचं होतं. माझे यजमान, ज्यांना सारा गाव मास्तर म्हणायचा, खाली बघत उभे होते. आसपास एक पोर नव्हतं. मास्तरला निरोप द्यायला जो येईल, त्याचं नाव अमीनसाहेबाकडं जाईल, अशी ताकीद आदल्या दिवशी गावात फिरली होती. अमीन म्हणजे आमच्या निजामी मुलखातला पोलीस अंमलदार. त्याच्या नावानंच लोक घरात शिरायचे.

माझे वडील मात्र आले. चाकावर हात ठेवून म्हणाले, "मागं वळून बघू नको, पोरी. बैल बिचकतेत." बैल कशाला बिचकतील? त्यांना स्वतःचे डोळे मला दाखवायचे नव्हते.

तुम्ही गावात राहिलेल्यांनी ही हकीकत नाना तऱ्हेनं ऐकली असेल. मुलूख सोडून इकडं बार्शीला आलेलेही ती आपापल्या परीनं सांगतात. मास्तरांना धरून नेलं त्या सकाळी मी देवळात होते, म्हणून लिहिते.

सरकारी मदरशात सगळं शिकवणं उर्दूत. आमच्या पोरांना त्यातलं काही कळायचं नाही. ती माना डोलवायची आणि चार महिन्यांनी गुरांमागं जायची. मास्तरांनी मारुतीच्या देवळात मराठी शाळा काढली. त्यांच्या हातात मी छडी कधी पाहिली नाही. पोर आलं की आधी विचारायचे, "जेवून आलास का?" नसेल आला, तर आमच्या शिंक्यातली भाकरी कमी व्हायची. एखादं पोर दोन दिवस दिसलं नाही, की ते थेट त्याच्या घरी. भिवा धनगराची काशी अशीच आली. तिचा बाप म्हणाला होता, "मास्तर, पोरीला लिवाया शिकवून मेंढरं वाचणार हायेत का?" मास्तर त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर जाऊन बसत राहिले. शेवटी भिवाच कंटाळला आणि पोरगी धाडली. काशी बोलताना अडखळायची. बाकीची पोरं हसायची. मास्तर तिचा शब्द पुरा होईस्तोवर थांबायचे, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या शाळेला थांबावं लागायचं. हळूहळू हसणं बंद झालं.

मग हुकूम आला की परवान्याशिवाय खाजगी शाळा चालवायची नाही. मास्तरांनी अर्ज केला. जबाब येईना. गावातल्या जाणत्यांनी तोड काढली: देवळात टाळ-चिपळ्या मांडून ठेवायच्या, आणि कुणी विचारलं तर पोरांनी सांगायचं, भजन चालतं. मास्तरांना ते रुचलं नाही, पण नको म्हणाले नाहीत. पोरांकडून ते वाक्य घोकून घेतलं गेलं. अमीनाच्या घोड्याची टाप वाजली की पाट्या अंथरलेल्या लुगड्याखाली, हातात चिपळ्या. मी रोज देवळाच्या दाराशी निवडण घेऊन बसायची आणि रस्त्यावर नजर ठेवायची. सुपातले खडे तसेच राहायचे.

त्या सकाळी अमीन घोड्यावरून आलाच नाही. पायी, मागल्या बोळातून आला. मला दिसला तेव्हा तो देवळाच्या पायरीवर होता. पोरांनी चिपळ्या उचलल्या, पण एकाचा ताल दुसऱ्याशी जुळेना. अमीन हसला. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सगळ्यात भेदरलेलं पोर निवडलं.

"ए पोरी, इधर आ. इथं काय चालतं?"

काशी उठली. तोंड उघडलं. "भ… भ…" एवढंच. पुढचा शब्द निघेना. अमीन कमरेच्या पट्ट्याशी चाळा करत वाट बघत होता. देवळाबाहेर बाया-माणसं गोळा झाली होती. प्रत्येकाच्या ओठांवर तोच शब्द. माझ्याही. बोल गं बाई, एवढं एक बोल. काशी मास्तरांकडं बघत होती. शब्द अडला की नेहमी बघायची तशी.

मास्तर उठले, तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "तिला नका विचारू, साहेब. शाळा हाय. मी शिकवतो."

"परवाना?"

"न्हाई."

अमीनानं त्यांना तिथूनच तालुक्याला, मोमिनाबादला, म्हणजे आंब्याला, नेलं. तिथं कोठडीत किती दिवस ठेवतील, काय करतील, कुणाला ठाऊक नव्हतं. मी वडिलांच्या घरी बसून राहिले. शेजारणी यायच्या, धीर द्यायच्या आणि जाता जाता म्हणायच्या, "पोरगी एक शबूद बोलतच होती की! कावून मधी पडले असतील?" मलाही तेच वाटत होतं.

ते सुटून आले ते हद्दपारीचा हुकूम घेऊनच. गाल बसले होते. मी पाणी दिलं आणि विचारलंच, "एका शब्दानं सगळं निभावलं असतं. का बोललात?"

त्यांनी पाणी संपवून तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "लेकरू भ्यालं होतं. भ्यालेल्या लेकरामागं मास्तरनं लपायचं नसतं. त्या चिपळ्या ठेवू दिल्या, तिथंच माझं चुकलं."

"आणि आता तिची शाळा गेली, त्याचं काय?"

ते उठून गाठोडी बांधायला लागले. भिवा काशीला घेऊन मेंढरांमागं तलवाड्याकडं गेला आणि तिकडंच तिला दिली, एवढं कानावर आलं. बार्शीत कित्येकदा जेवता जेवता त्यांचा घास थांबतो. मी विचारत नाही.

लातूरपर्यंत बैलगाडी, तिथून छोट्या रुळाची आगगाडी, आणि इंग्रजी हद्दीतली बार्शी. इथं सगळंच निराळं. अमीनाचा फौजदार झाला, कचेरीचं कोर्ट झालं. आमचे निजामी हाली रुपये दुकानदार परत सरकवायचा, "कलदार द्या" म्हणायचा, म्हणजे इंग्रजी रुपये. नळावरच्या बाया मला 'मोगलाईतली', म्हणजे निजामाकडची, म्हणायच्या. सरकी काढायच्या जिनाचा भोंगा झाला की मी दचकून दाराकडं बघायची. मास्तरांकडं इथला दाखला नव्हता, म्हणून शाळेत कुणी घेईना. अडत्याच्या दुकानात लिहिणं करून ते संध्याकाळी जिनातल्या मजुरांच्या पोरांना ओट्यावर शिकवायचे, उघड्यावर, मोठ्या आवाजात. तो आवाज ऐकला की मी आधी रस्त्यावर नजर टाकायची. पुष्कळ दिवस लागले ती सवय जायला. पुढं म्युनिसिपालिटीच्या शाळेनं त्यांना घेतलं.

आणि मग हद्दीपलीकडून आमच्या गावची पोरं यायला लागली. एकाचा मामा सांगून गेला, दुसऱ्याचा बाप पाया पडला. शिकायला आमच्याच घरी राहिली. मी पहिल्यांदा चिडले. एक खोली, एक चूल, आणि भाकऱ्यांची ही चवड! ज्या गावानं निरोपाला एक माणूस धाडला नाही, त्याची पोरं मी का पोसायची? मास्तर एवढंच म्हणाले, "लोक भ्याले होते गं."

गेल्या वर्षी वडील वारले. हद्दपारी मास्तरांची होती, म्हणून एवढ्या वर्षांनी मी एकटीच घाटनांदूरला गेले. भावजयीनं पाटावर बसवलं, तांब्या पुढं केला आणि पोराला म्हणाली, "पावण्यांना चा ठेव." मी देवळात जाऊन आले. तिथं कुणी तुरीची पोती रचली होती. वडिलांचे दिवस झाले आणि कुणी राहा म्हणायच्या आत मीच निघाले.

बार्शीला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पोरांनी पिठलं केलं होतं, बुडाला लागलेलं. भाकऱ्यांचे नकाशे झाले होते. आणि सगळी ताटं मांडून तशीच बसली होती, मास्तरांसकट.

"कावून रं? अजून जेवले न्हाईत?" मी पिशवी खाली न ठेवताच ओरडले. "करपल्याचा वास येतोय लई, चुलीवरून काढाया कुणाला हात न्हाईत का?"

पोरं हसायला लागली. मास्तरांनी एक ताट माझ्यासाठी ओढलं आणि पोरांतल्या सगळ्यात धाकट्याला म्हणाले, "सरक जरा. घरची आली."