शेवट माहीत असलेली मालिका

पाण्याची पाळी होती म्हणून माझा भाऊ उसाला पाणी द्यायला गेला. दुसऱ्या दिवशी तो सांगवीजवळ कालव्यात सापडला. पाय घसरला असावा, असं पोलिसांनी लिहिलं. भाऊ पट्टीचा पोहणारा होता. आईला ते कधीच पटलं नाही.

तेव्हापासून ती दुपारी मोबाईलवर एक जुनी गुप्तहेर मालिका बघते. आमच्या लहानपणी ती टीव्हीवर लागायची. भाऊ खुनी कोण ते आधीच सांगून टाकायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

"सगळे खुनी तुला पाठ आहेत," मी एकदा म्हणालो.

"हायत की. पण हितं शेवटाला कुणीतरी सांगतं तरी."

आता घरात आम्ही दोघंच आहोत. मीही तिच्याशेजारी बसतो आणि भाग संपेपर्यंत उठत नाही.