पाण्याची वाट सांगणारा

अन्याय झाला तो पारगावखालच्या आमच्या वस्तीवर, २००४ च्या मे महिन्यात, ऐन आमच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी. कालव्याचं पाणी वरच्या शेतांतच मुरलं आणि माझ्या चुलतीची टोमॅटोची रोपं उभी करपली.

तक्रार द्यायला चुलती आणि मी नारायणगावच्या जीपमध्ये बसलो. समोर पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ होता. आवाज मऊ, डोळे अर्धे मिटलेले. गुडघ्यांत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. जीप आदळली की आम्ही दांडी पकडायचो. हा मात्र गोणपाट पकडायचा.

आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "पावणं, लई धरून ठिऊ नये. चीनमधले जुने साधू सांगायचे, पाण्यावानी व्हावं. पाणी भांडत नाय, आपली वाट आपण शोधतं."

"मंग आमच्या वावराची वाट त्याला का घावली न्हाई, भाऊ?" चुलती म्हणाली. सगळी जीप हसली. तोही हसला, पण मुठी आवळून.

फाट्यावर तो उतरताना गोणपाट सरकलं. आत कालव्यातून शेतांकडं पाणी नेणाऱ्या चारीचं दार फिरवायची लोखंडी चावी होती. पाणी सोडणारा सरकारी पाटकरी मी ओळखतो. हा तो नव्हता.

"ही तुमच्याकडं कशी?" मी विचारलं.

"असू द्या राव. सोडून द्या."

शिकवण खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या मुठीत चावी आहे, त्यानं आधी सोडावं.

तुमच्या पाळीच्या दिवशी घरी बसू नका. चारीच्या दाराशी जाऊन उभे राहा आणि चावी कुणाच्या हातात आहे ते बघा.