पडद्यावरची तलवार

“लाल कमी लावायचा, राव,” असं म्हणत पेंटर कुंचला डब्याच्या काठावर निपटायचा. आमच्याकडच्या टॉकीजचे बोर्ड तोच रंगवायचा. खालून मालक ओरडायचा, “अरे, हीरोच्या तोंडावर रक्त दाखव जरा!” मग हा ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब ठेवायचा आणि शिडीवरून उतरायचा.

दापोडीत आमच्या खोल्यांना मधली भिंत एकच. सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणायची, मीही. रंगकाम त्याने नंतर धरलं. त्याआधी तो आणि त्याचा धाकटा भाऊ रशीद चिंचवडच्या एका लहान कारखान्यात शेजारशेजारच्या प्रेसवर पत्रे कापायचे. माल जास्त निघावा म्हणून फोरमनने मशीनचे हात वाचवणारे गार्ड काढून ठेवले होते. एका दुपारी रशीदचा उजवा हात मनगटापासून गेला. पेंटरने त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात पोचवलं. परत आला, तर त्या मशीनवर दुसरा माणूस बसला होता आणि काम चालू होतं. पेंटर पुन्हा त्या कारखान्यात गेला नाही.

पुढे एका साप्ताहिकात तो चित्रकथा काढू लागला, त्यात हीच गोष्ट आली. तुम्ही ती पाहिली असण्याची शक्यता कमीच. तिच्यात तुटलेला हात कुठेच नव्हता. एका चौकटीत खाली आलेली प्रेस. मग माना फिरवलेले कामगार. मग घड्याळ बघणारा फोरमन. शेवटच्या चौकटीत त्याच स्टुलावर बसायला आलेला नवा माणूस, जेवणाचा डबा अजून हातातच. माझ्या बायकोने ते पान पालथं घालून ठेवलं. “हात दिसत नाही, तरी अंगावर येतं,” ती म्हणाली.

कुणीतरी ती चित्रकथा मुंबईच्या एका निर्मात्याला दाखवली. “कहाणीत दम आहे,” म्हणत तो गाडी घेऊन गल्लीत आला आणि गोष्ट घेऊन गेला. रशीद तर हरखलाच. “भाई, माझं काम कोण करणार?” असं रोज विचारायचा.

पिक्चर तयार होऊन आमच्या टॉकीजला लागायची वेळ आली. बोर्ड अर्थातच पेंटरकडे. कंपनीतली पहिली पाळी संपवून मी घरी निघालो होतो, तर हा शिडीच्या पायथ्याशी बसून मालकाने दिलेले फोटो पुन्हा पुन्हा उलटून बघत होता.

“ह्यात प्रेस कुठाय, राव?” त्याने मला विचारलं.

फोटोत स्मगलरांचा अड्डा होता, सोन्याची बिस्किटं होती आणि तलवार घेतलेला व्हिलन होता. पेंटरने बोर्ड रंगवला. तलवारीवरचा लाल मात्र मालकाने स्वतः खाली उभं राहून लावून घेतला.

रशीदने हट्ट धरला म्हणून आम्ही तिघं पिक्चरला गेलो. पडद्यावर तलवार फिरली, हात उडून समोर येऊन पडला आणि थिएटरभर शिट्ट्या वाजल्या. हीरोचा धाकटा भाऊ त्याच्या मांडीवर लांबलचक बोलून मेला. मग हीरोने टोळीतल्या एकेकाला लोळवलं. ठोशाठोशाला टाळ्या पडत होत्या. लोक खुशीत उठले. पेंटर खुर्चीत तसाच बसून होता.

“भाई,” रशीद हसत म्हणाला, “मी मेलोच असतो तर छान दिसलं असतं, नाही?”

बाहेर रस्त्यावर आल्यावर पेंटर मला एवढंच म्हणाला, “ह्यात सगळ्याचा बदला झाला, राव. आमच्या फोरमनने तर मशीनसुद्धा थांबवलं नव्हतं.”

त्यानंतर त्याने चित्रकथा काढली नाही. साप्ताहिकाचे संपादक घरी येऊन म्हणाले, “आता तलवारीच काढा, तेच चालतंय.” त्याने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

पेंटर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तो आठवतो तो स्टेशनजवळच्या टपरीवरचा. रशीदला कुणी काम देत नव्हतं, त्याचा दिवस तिथेच जायचा. “हात मशीनमध्ये गेला,” असं सांगितलं की लोक “अरेरे” करून आपापला चहा संपवायचे. असे हात आमच्या भागात गल्लोगल्ली होते. पण एका संध्याकाळी पेंटर आणि मी तिथे पोचलो, तर कंपनीत नव्याने लागलेले कामगार रशीदभोवती दाटीने बसले होते.

“चौघं होते,” रशीद सांगत होता. “एकाच्या हातात तलवार. मी म्हटलं, मार!”

आम्हाला बघून तो अडखळला. कामगारांतला एक जण वळला. “खरं का हो, पेंटर?”

मला वाटलं, आता पेंटर भडकणार. पण तो बाकड्यावर शांतपणे टेकला.

“खरं आहे. मी तिथंच होतो.”

“मग तुम्ही काय केलं?”

“काही नाही केलं.”

त्या उत्तराने त्यांची निराशाच झाली. ते पुन्हा रशीदकडे वळले. रशीदला मात्र पुढे बोलवेना, तो खाली बघत राहिला. पेंटरने बशीत चहा ओतला, फुंकून निववला आणि बशी भावाच्या डाव्या हातात दिली.

“सांग ना पुढं,” तो म्हणाला. “थांबलास का?”