पहिल्या रांगेतली जागा

भूत, चकवा, करणी — यातलं काहीही मी मानत नाही, आणि खाली लिहिलेलं घडल्यानंतरही मानायला लागलेलो नाही. शाळेत मी शास्त्र शिकवतो. पिंपळावरच्या खविसाच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच वेड्यात काढतो. तरी न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसलोय, कारण दहा वर्षं झाली, हे कुणापाशी बोललो नाही... बायकोपाशीसुद्धा नाही.

गाव मुरुडहून एस.टी.ने तासाभरावर, समुद्रालगत. नाव मुद्दाम देत नाही. संस्थान होतं तेव्हा कुणा हौशी अधिकाऱ्याने तिथे बाग केली होती — सुरूची झाडं, कारंज्याचा हौद आणि मधोमध एक ठेंगणा बंगला. संस्थान गेलं, माळी गेला, हौदात बेडूक आले. बंगल्याचं छप्पर एका अंगाने खचलं. व्हरांडा मात्र शाबूत होता, आणि बाजाराला निघालेल्या कोळणी तिथे पाट्या उतरवून घटकाभर टेकायच्या.

मी नवा मास्तर, अंगात रग. हा बंगला दुरुस्त करून सगळ्या गावाचं समाजमंदिर करायचं, असं माझ्या डोक्यात आलं. कमिटी झाली, मी चिटणीस. श्रमदानाला लोक आले, कौलं चढली... अडलं ते जमिनीपाशी. कोबा करायचा तर शिंपल्यांचा चुना हवा, आणि तो दिवसच्या दिवस चोपायला हात हवेत. पांढरपेशी मंडळी पहिल्याच दुपारी तळहातावरचे फोड दाखवत घरी गेली. मीही त्यांतलाच.

तेव्हा नागूबाय पुढे आली. पन्नाशीची कोळीण, कोळीवाड्यात तिच्या शब्दाला वजन होतं.

"आमी बायका चोपू तुजी जमीन," ती म्हणाली. "चुन्याला शिंपल्या बी देऊ. पन एक सांगते मास्तर, पयल्या दिशी मी पुढं बसनार. एकदम पुढं. लगीन होऊन आली तवापासून या पायरीवर बसतंय, आत काय हाय ते कवा बगितला न्हाय."

"दिला शब्द," मी म्हणालो. "पहिली रांग तुमची."

बारा दिवस त्या बायका लाकडी चोपणी घेऊन राबल्या. ओळीने उकिडव्या बसून, मागे सरकत, गाणी म्हणत. मधूनच माझी थट्टा — "मास्तरचं हात बगा गो, लोन्याचं!" जमीन अशी झाली की पाय ठेवायला संकोच वाटावा.

उद्घाटनाला एक मोठे साहेब येणार होते. त्यांची मर्जी बसली तर माझी बदली पालीला, घराजवळ होणार होती. खोटं कशाला बोलू, सकाळपासून माझ्या मनात तेवढंच होतं.

दुपारी नागूबाय आली. धुवट लुगडं, अबोलीची वेणी, हातात झिजलेलं चोपणं — मिरवायला आणलेलं. मागे आठ-दहा जणी. मी दारातच आडवा झालो. मला कुणी सांगितलं नव्हतं. कमिटीतलं कुणी नाकही मुरडलं नव्हतं. माझं मीच म्हणालो, "बाय, तुम्ही सगळ्या व्हरांड्यात बसा. साहेब येतायत... आत वास येईल."

"वास?" ती हसली. "आज म्हावऱ्याला हात बी न्हाय लावला. आनि तुजा सायब म्हावरा खात न्हाय काय?"

आजूबाजूचे खो खो हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी ओरडलो, "हा काही मासळीबाजार नाही!"

हसणं थांबलं. तिचंही. चोपणं काखेत मारून ती पायऱ्या उतरली, बाकीच्या मागोमाग. साहेबांची जीप आली ती त्यानंतर तासाभराने.

चारला सभा भरली. माणूस मुंगीसारखा, फक्त कोळीवाड्यातलं कुणी फिरकलं नव्हतं. आणि पहिल्या रांगेत, सतरंजीवर, बरोबर मधे, एका माणसाएवढी जागा रिकामी. मी वाकून म्हणालो, "जरा सरकून घ्या, मागे लोक उभे आहेत."

"सरकायचं कुठं?" शेजारचे पेन्शनर कुलकर्णी म्हणाले. "बाई बसल्यायत ना!"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी धोतर आवरून घेतलं होतं, पलीकडच्या दुकानदाराने गुडघे आवळून धरले होते. मला दिसत होती ती नुसती सतरंजी. अंगावर काटा आला.

मग साहेब बोलायला उठले. लिहून आणलेला कागद त्यांनी खिशात घातला आणि त्या रिकाम्या जागेकडे हात केला. "ही जमीन ज्यांनी चोपली त्या बाई इथे समोर बसल्यात, मांडीवर चोपणं घेऊन. तळहात बघा त्यांचे. त्यांना मानाची जागा देणाऱ्या तुमच्या चिटणिसांचं मला कौतुक वाटतं." पंधरा मिनिटं ते दुसरं काही बोललेच नाहीत.

टाळ्या पडल्या... आणि मी उठून हात जोडले. होय, नमस्कार केला मी!

सभेचा फोटो आहे. त्यात जागा रिकामीच दिसते. नागूबाय कुठे होती तेही मी विचारलं. तिचा शेजारी तांडेल म्हणाला, "दुपारपासून खल्यावर बोंबील वालवत व्हती. मी बाजूलाच व्हतो की."

चौथ्या दिवशी ती बाजारात समोरच आली. तोंड चुकवायला वाव नव्हता.

"मास्तर, सायब काय बोलला?"

"बोलले... चांगलं बोलले."

पाटीवरचं फडकं सारखं करत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आमच्या जमिनीचा काय बोलला का?"

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो मान मी कसा घेतला, तेही. आणि भरबाजारात तिच्यापुढे मान खाली घालावी लागली असती.

"नाही," मी म्हणालो.

"बरा," म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

पुढे माझी बदली पालीला झाली. दोन वर्षांनी कळलं, नागूबाय तापाने गेली. त्या दिवशी सगळ्या सभेला काय दिसत होतं आणि मला एकट्यालाच का दिसलं नाही, याचा उलगडा आजही होत नाही. वाचकांपैकी कुणाला होत असेल तर कळवा. त्या 'नाही'बद्दल मात्र मला कुणाला काही विचारायचं नाही. ते मी का म्हणालो, हे मला म्हणतानाच ठाऊक होतं.